छेद

महापेच्या चौथ्या मजल्यावर
माझं काम मोजायचं:
अकराशे बेचाळीस संगणकांपैकी
किती जणांनी नवी सिस्टीम घेतली.
पडद्यावर प्रत्येकाचा एक ठिपका.
लाल असतो, हिरवा होतो.

पहिल्या रात्री दोनशे सात.
पंगत बसायच्या आधीच
जिलबी चाखून बघणारी मंडळी ही.
सकाळी त्यातले चाळीस माझ्या टेबलाशी:
प्रिंटर हरवला, आवाज गेला,
खालचं बटण मधोमध का आलं?
तक्रार करतानाही चेहऱ्यावर
नवं घर फिरून दाखवणाऱ्याचा उत्साह.

दुसऱ्या आठवड्यात आणखी चारशे,
शेजारच्याचं झालं म्हणून.
मग रेघ आडवी पडली,
भरती संपल्यावर खाडीचं पाणी थबकतं तशी,
ना पुढे ना मागे.

'नंतर आठवण करा' या बटणावर
अकाउंट्सच्या खासनीसांनी एकसष्ट वेळा बोट ठेवलंय.
माझ्याकडे नोंद आहे.
मार्च होऊ दे, म्हणाले. मार्च झाला.
ऑडिट होऊ दे.
वेदश्री रेगेने विचारलं,
मागचं चित्र तेच राहील ना?
चित्रात एक कुत्रा, जीभ बाहेर काढून बसलेला.
तो आता नाही.
राहील, म्हटलं. खात्री नव्हती.
राहिला.

सातव्या आठवड्यात अकराशे एक्केचाळीस.
एक लाल.

तो तुर्भ्याच्या गोदामात, वजनकाट्याच्या केबिनमध्ये.
रिक्षा करून गेले.
हसुराम मढवी, कानावर पेन,
की-बोर्डवर प्लास्टिक, प्लास्टिकवर धूळ,
धुळीत फक्त आकड्यांची बटणं स्वच्छ.
काट्याचा प्रोग्राम कुणा एका मुलाने लिहून दिलेला.
मुलगा कॅनडात. त्याचा नंबर लागत नाही.
नव्या सिस्टीमवर तो प्रोग्राम उघडणारही नाही.
बाहेर एक ट्रक काट्यावर चढला.
सतरा हजार चारशे वीस, पडदा म्हणाला.

"पोरी, काटा बरोबर दाखवतंय ना?"
हो.
"मंग त्याला काय झालंय?"

उत्तर मला येत होतं.
सुरक्षा, बाहेरून येणारे धोके, कंपनीचं धोरण,
सगळं पाठ.
तेवढ्यात ट्रक उतरला, आकडे घसरत शून्यावर आले,
आणि तो त्या शून्याकडे बघत राहिला,
पूर्ण स्थिर होईपर्यंत,
मगच पुढच्याला हात केला.

"कुठची गं तू?"
घणसोली.
"सेक्टर?"
गाव.
"तरीच," म्हणाला, आणि चहा सांगितला.
तरीच काय, ते मी विचारलं नाही.

साहेबांचा फोन:
संध्याकाळपर्यंत शंभर टक्के पाहिजे, वर पाठवायचंय.

अंश वाढत नसेल
तर छेद कमी करता येतो,
हे शाळेत शिकवत नाहीत.
वाकून मी निळी वायर काढली.
काट्याला तिची गरज नव्हतीच.
यादी उघडली, त्याची ओळ निवडली, वगळा.
खरंच वगळायचं? हो.
अकराशे एक्केचाळीसपैकी अकराशे एक्केचाळीस.
पडदा हिरवागार.
महापेत एवढं हिरवं मी पहिल्यांदाच पाहिलं.
साहेबांनी अंगठा पाठवला.

घरी येताना
एका सेक्टरची पाटी मागे पडते,
दुसऱ्याची यायला वेळ असतो.
मधल्या त्या गल्ल्या आमच्या.
नकाशात तिथे फिकट करडा रंग आहे, आकडा नाही.
आई दारात सुकट निवडत बसलेली.
तिच्या शेजारी टेकले, फोन काढला.
दोन महिने तोच निरोप:
नवी आवृत्ती तयार आहे. आज रात्री?

मी बटण दाबलं.
खासनीसांचं.